जाणाऱ्या हुकूमशाहीला किती सवलत द्यावी?

मुक्तवाचक :

नमस्कार. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हुकूमशाहीतून लोकशाहीत आलेल्या देशांविषयी सध्या वाचतो आहे, आणि वाचन वाढेल तसा एक प्रश्न अधिकच अवघड होत चालला आहे.

चिलीत ५ ऑक्टोबर १९८८ च्या सार्वमतात सुमारे ५६ टक्के मतदारांनी लष्करशहा पिनोशे यांना नकार दिला आणि मार्च १९९० मध्ये पॅट्रिसिओ आयल्विन राष्ट्राध्यक्ष झाले. तरीही पिनोशे मार्च १९९८ पर्यंत लष्करप्रमुखपदी राहिले आणि तेथून उठून थेट तहहयात सिनेटर म्हणून संसदेत जाऊन बसले. त्यांच्या राजवटीत ज्यांच्या घरची माणसे बेपत्ता झाली, त्यांनी हे सारे उघड्या डोळ्यांनी पाहायचे होते. स्पेनमध्ये १९७७ च्या माफी कायद्याने हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीतील अत्याचारांच्या खटल्यांचा रस्ताच बंद झाला. उलट अर्जेंटिनात निवडणुकीनंतर दोन वर्षांच्या आत लष्करशहा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते.

सत्ता सोडणाऱ्यांना अभय दिल्याशिवाय ते सत्ता सोडतच नाहीत, असे म्हटले जाते. हे खरोखर सार्वत्रिक सत्य आहे, की जिंकणाऱ्यांनी घाबरून केलेल्या तडजोडीला नंतर दिलेले तात्त्विक रूप आहे? आणि दिलेली सवलत पुढे कधी परत घेता येते का? जाणकारांनी उदाहरणे देऊन लिहावे, ही विनंती.

खडूफळा :

प्रश्न चांगला आहे, परंतु 'द्यावी का' याआधी 'जाणाऱ्याच्या हातात त्या घडीला काय उरले होते' हे पाहिले पाहिजे. तुम्ही शेजारी शेजारी ठेवलेले अर्जेंटिना आणि स्पेन हे देश या बाबतीत दोन टोकांचे आहेत.

अर्जेंटिनाचे लष्कर जून १९८२ मध्ये माल्विनास (फॉकलंड) बेटांवरचे ब्रिटनशी झालेले युद्ध हरून परतले होते, देश कर्जात बुडालेला होता आणि तिन्ही सेनादले एकमेकांवर दोषारोप करत होती. अशा अवस्थेत वाटाघाटी कोण कोणाशी करणार? जाता जाता त्यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये स्वतःलाच माफी देणारा कायदा करून घेतला, आणि राउल अल्फोन्सिन सत्तेवर येताच नव्या संसदेने तो डिसेंबरमध्ये रद्द केला. १९८५ च्या खटल्यात नऊ सेनानींपैकी पाच दोषी ठरले. विदेला आणि मासेरा यांना जन्मठेप झाली.

येथे थांबले तर गोष्ट फार सरळ दिसते. मात्र युद्ध हरलेल्या लष्कराची शस्त्रे कोणी काढून घेतलेली नव्हती. खटले कनिष्ठ अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचू लागताच एप्रिल १९८७ मध्ये, ईस्टरच्या सुट्टीत, काही तुकड्यांनी उठाव केला, आणि त्याच वर्षी 'आज्ञापालन करणाऱ्यावर दोष नाही' असे ठरवणारा कायदा संमत झाला. पुढे राष्ट्राध्यक्ष कार्लोस मेनेम यांनी सेनानींनाही माफ करून सोडले. म्हणजे चिलीने जी सवलत सत्तांतराआधीच दिली, ती अर्जेंटिनाने सत्तांतरानंतर चार वर्षांनी दिली. ते कायदे २००३ मध्ये संसदेने रद्दबातल केले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले, तोवर उठाव करण्याच्या स्थितीत कोणी उरले नव्हते.

स्पेनमध्ये राजवट हरलेली नव्हती. फ्रँको २० नोव्हेंबर १९७५ रोजी आजारपणाने वारला. सैन्य, पोलीस आणि प्रशासन जागच्या जागी होते. मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत विलक्षण दिवस वाटतो तो १८ नोव्हेंबर १९७६, कारण त्या दिवशी फ्रँकोच्याच प्रतिनिधिगृहाने स्वतःचे अस्तित्व संपवणारा राजकीय सुधारणा कायदा ४२५ विरुद्ध ५९ मतांनी संमत केला. आदोल्फो सुआरेस हे पंतप्रधान फ्रँकोच्या पक्षयंत्रणेतच वाढलेले, त्यामुळे कोणाला कशाची भीती आहे आणि कोणाला काय हवे आहे हे त्यांना नेमके ठाऊक होते. जुन्या कायद्याने घालून दिलेल्या वाटेनेच नव्या कायद्याकडे जायचे, म्हणजे शपथ मोडली असे कोणालाही म्हणता येणार नाही, अशी ती रचना होती. नव्या सिनेटमध्ये ४१ जागा राजाने नेमायच्या ठेवल्या होत्या. कोणाकोणाच्या मनात त्या जागांची आशा होती, हे सांगायला नको.

कम्युनिस्ट पक्षावरची बंदी सुआरेस यांनी ९ एप्रिल १९७७ रोजी उठवली. तो ईस्टरच्या आदल्या दिवशीचा शनिवार होता आणि अर्धा देश सुट्टीवर होता. लष्करातील वरिष्ठ संतापले, नौदलमंत्र्यांनी राजीनामा दिला, पण प्रकरण तेवढ्यावरच निभावले, याचे एक कारण असे की कम्युनिस्टांनी राजसत्ता आणि जुना राष्ट्रध्वज दोन्ही मान्य केले. सवलत एकाच बाजूने दिली, असे तेथे झालेले नाही.

तटस्थ :

खडूफळा यांचे विवेचन नेहमीप्रमाणे नेटके आहे, मात्र ते वाचून असा समज होईल की चार चतुर माणसे बंद खोलीत बसली आणि लोकशाही घेऊन बाहेर आली. १९७६ च्या पहिल्या काही महिन्यांत स्पेनमध्ये संपांची जी लाट उसळली, तिच्यामुळे 'फ्रँकोशिवाय फ्रँकोशाही' चालवण्याचा आधीचे पंतप्रधान आरियास नावार्रो यांचा प्रयत्न फसला आणि म्हणून सुआरेस यांना बोलावणे आले. जानेवारी १९७७ मध्ये माद्रिदच्या आतोचा रस्त्यावरील कचेरीत डाव्या वकिलांवर अतिरेकी उजव्यांनी गोळ्या झाडल्या, पाच जण मारले गेले आणि अंत्ययात्रेला लोटलेल्या प्रचंड समुदायाने एक दगडही उचलला नाही. त्या शिस्तीने कम्युनिस्टांविषयीची भीती जेवढी कमी केली, तेवढी कोणत्याही वाटाघाटीने केली नसती.

पोलंड पाहा. १९८८ च्या संपांनी सरकारला गोलमेज परिषदेपर्यंत आणले. ती ६ फेब्रुवारी ते ५ एप्रिल १९८९ अशी चालली आणि तिच्यात ठरले काय, तर कनिष्ठ सभागृहाच्या ४६० पैकी १६१ जागाच खुल्या, बाकीच्या सत्ताधारी पक्ष आणि त्याच्या सहकाऱ्यांसाठी राखीव. सिनेटच्या १०० जागा मात्र पूर्ण खुल्या. कागदावर ही सवलत चिलीपेक्षाही मोठी होती. ४ जूनला 'सॉलिडॅरिटी' या विरोधी कामगार संघटनेने पहिल्या फेरीत बाजी मारली आणि दुसऱ्या फेरीअखेर १६१ पैकी १६१ आणि १०० पैकी ९९ जागा तिच्या झाल्या.

मला त्याहून बोलका वाटतो तो एक बारीक तपशील. राजवटीतील ३५ मान्यवरांची एक राष्ट्रीय यादी होती, त्यांच्यासमोर कोणी उमेदवारच नव्हता, फक्त निम्म्याहून अधिक मते पडणे आवश्यक होते. तेथे मतदान करायचे ते नको असलेल्या नावावर काट मारून. मतदारांनी निवांतपणे एकेक नाव खोडले आणि ३५ पैकी केवळ दोघे निवडून आले. सत्ताधाऱ्यांनी स्वतःसाठी राखलेली जागा अशी मतदाराच्या पेन्सिलीखाली गेली. त्यानंतर दशकानुदशके मान डोलावणारे दोन छोटे सहकारी पक्ष 'सॉलिडॅरिटी'कडे वळले, आणि ऑगस्टमध्ये मझोव्हिएत्स्की पंतप्रधान झाले. करार मोडला नाही, तरी राखीव जागांचे बहुमत नाहीसे झाले.

मृण्मयी :

दोन्ही प्रतिसाद आवडले. मूळ प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे सवलत परत घेता येते का, त्याविषयी लिहिते. माझ्या मते सवलत किती मोठी आहे यापेक्षा तिला मुदत आहे की नाही, आणि ती बदलण्याची किल्ली कोणाकडे आहे, हे दोन मुद्दे निर्णायक ठरतात.

दक्षिण आफ्रिकेत १९९२ मध्ये जो स्लोव्हो यांनी मुदतीच्या कलमाची कल्पना मांडली. स्लोव्हो कम्युनिस्ट पक्षाचे ज्येष्ठ नेते असल्यामुळे त्यांच्यावर शरणागतीचा आरोप करणे कोणालाही जड गेले असते. हीच सूचना एखाद्या मवाळ नेत्याने केली असती तर त्याची धडगत नव्हती. सूचना अशी की काही वर्षे सत्तेत सर्वांचा वाटा राहील, गोऱ्या नोकरशहांच्या नोकऱ्या आणि निवृत्तिवेतन सुरक्षित राहील, आणि मुदत संपली की बहुमताचे राज्य सुरू होईल. त्याप्रमाणे एप्रिल १९९४ च्या निवडणुकीनंतर राष्ट्रीय ऐक्याचे सरकार आले, मंडेला राष्ट्राध्यक्ष आणि मावळते गोरे राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क दोन उपराष्ट्राध्यक्षांपैकी एक. १९९६ मध्ये डी क्लर्क यांचा पक्ष मुदतीआधीच बाहेर पडला आणि आकाश कोसळले नाही. कायमच्या घटनेलाही ३४ तत्त्वांची चौकट आधीच घालून दिलेली होती, आणि पहिला मसुदा त्यांत बसत नाही म्हणून घटना न्यायालयाने तो १९९६ मध्ये परत पाठवला होता. माफीसुद्धा सरसकट नव्हती. ज्याने त्याने सत्य आणि समेट आयोगापुढे येऊन आपले कृत्य पूर्णपणे सांगायचे आणि मगच ती मिळायची. बहुसंख्य अर्ज फेटाळले गेले.

आता म्यानमार पाहा. २००८ च्या घटनेत संसदेच्या एक चतुर्थांश जागा लष्कराला दिलेल्या, आणि महत्त्वाच्या दुरुस्तीसाठी तीन चतुर्थांशांहून अधिक मते हवीत, अशी अट घातलेली. साधे गणित आहे : लष्कराच्या संमतीशिवाय दुरुस्ती होणार नाही. संरक्षण, गृह आणि सीमा ही खाती सरसेनापतींच्या हाती होती. आँग सान स्यू ची यांच्या पक्षाने २०१५ आणि २०२० या दोन्ही निवडणुका प्रचंड फरकाने जिंकल्या आणि तरीही १ फेब्रुवारी २०२१ रोजी नवी संसद भरणार त्याच सकाळी लष्कराने सत्ता घेतली. तेथे सवलतीला मुदत नव्हती आणि किल्लीही ज्याला सवलत दिली त्याच्याच खिशात होती.

इंडोनेशियाची अवस्था १९९८ मध्ये फार वेगळी नव्हती. राष्ट्राध्यक्ष सुहार्तो पायउतार झाले तरी लष्कर गावपातळीपर्यंत पसरलेले होते. कनिष्ठ सभागृहातील लष्कराच्या नेमलेल्या जागा ७५ वरून १९९९ मध्ये ३८ केल्या गेल्या आणि २००४ मध्ये त्या पूर्णपणे संपल्या. १९९९ ते २००२ या काळात घटनेत चार वेळा दुरुस्त्या झाल्या. दरवर्षी थोडी, असा तो प्रकार होता. क्रांतीची गाणी त्यावर कोणी लिहिणार नाही, पण काम झाले. (लष्कराचे व्यवसाय आणि प्रादेशिक जाळे मात्र बराच काळ तसेच राहिले, हेही नोंदवले पाहिजे.)

मुक्तवाचक :

सर्वांचे आभार. मुदतीचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. पण मग ट्युनिशियाचे काय? तेथे लष्कराला असे विशेष अधिकार नव्हते. २०१३ च्या दोन राजकीय हत्यांनंतर कामगार संघटनेसह चार संस्थांनी मध्यस्थी केली, २०१४ मध्ये व्यापक सहमतीने घटना आली, २०१५ मध्ये त्या चौघांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. सगळे धड्याप्रमाणे झाले, आणि जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद स्थगित केली. तेथे तर जुन्यांना अवाजवी सवलत दिली, असेही म्हणता येत नाही.

श्रावणसर :

ट्युनिशियाविषयी मी लिहितो, कारण तेथली चूक जुन्या राजवटीच्या हिशेबात शोधून सापडणार नाही.

खरे तर जुन्यांचा प्रश्न त्यांनी बऱ्यापैकी हाताळला होता. पदच्युत हुकूमशहा बेन अलींच्या पक्षातील माणसांना निवडणुकीतून वगळण्याचा प्रस्ताव २०१४ मध्ये घटना समितीत थोडक्यात हुकला. त्याच वर्षी जुन्या व्यवस्थेत मंत्रिपदे भूषवलेले बेजी काईद एसेब्सी राष्ट्राध्यक्ष झाले आणि इस्लामवादी एन्नाहदा पक्षाने संसदेच्या निवडणुकीतला आपला पराभव स्वीकारला. शेजारच्या लिबियाने २०१३ मध्ये नेमके उलट केले : सशस्त्र टोळ्यांनी मंत्रालयांना वेढा घातलेला असताना, गद्दाफीच्या काळात पद भूषवलेल्या जवळजवळ सर्वांना दूर ठेवणारा कायदा संमत झाला. त्याच्या तडाख्यात क्रांतीच्या बाजूने उभे राहिलेले लोकही सापडले. पुढच्याच वर्षी देशात दोन सरकारे होती.

ट्युनिशियाचे घोडे अडले ते घटना न्यायालयापाशी. २०१४ च्या घटनेने १२ सदस्यांचे न्यायालय वर्षभरात स्थापन करायला सांगितले होते : चार राष्ट्राध्यक्षांनी, चार संसदेने आणि चार न्यायपरिषदेने नेमायचे. संसदेत निवड होण्यासाठी २१७ पैकी १४५ मते लागत. पक्षांनी एकमेकांची नावे पाडण्याचा सपाटा लावला आणि इतक्या वर्षांत एकच सदस्य निवडून आला. न्यायालय कधी स्थापन झालेच नाही. त्यामुळे सईद यांनी २५ जुलै २०२१ रोजी घटनेच्या ८० व्या कलमाचा आधार घेतला तेव्हा, आणीबाणीच्या काळात संसदेचे अधिवेशन सतत चालू राहिले पाहिजे असे तेच कलम सांगत असतानाही, हा अर्थ चुकीचा आहे असे म्हणण्याचा अधिकार असलेली जागाच रिकामी होती. शिवाय दहा वर्षांत बेरोजगारी हटली नव्हती आणि संसदेतील भांडणांना लोक विटले होते, त्यामुळे त्या रात्री अनेक जण आनंदाने रस्त्यावर उतरले.

याच्या शेजारी दक्षिण कोरिया ठेवून पाहा. जून १९८७ च्या आंदोलनानंतर थेट निवडणूक मान्य झाली आणि घडले काय, तर विरोधकांतील किम योंग-साम व किम दे-जुंग दोघेही उभे राहिले, मते फुटली, आणि लष्करशहा चुन दू-ह्वान यांचेच सहकारी रो ते-वू सुमारे ३७ टक्के मतांवर निवडून आले. आंदोलकांच्या दृष्टीने हा घोर अपेक्षाभंग होता. पण माझे मत असे की जुन्या राजवटीला मिळालेली सर्वांत मोठी सवलत म्हणजे निवडणूक लढून जिंकण्याची आशा होय, आणि तिची किंमत अभयपत्रापेक्षा जास्त असते. तैवानमध्येही कुओमिन्तांगने १९८७ मध्ये लष्करी कायदा उठवला आणि पुढे २००० पर्यंत तोच पक्ष सत्तेत राहिला. हरण्याची वेळ आली तेव्हा निवडणुकीची सवय झालेली होती. कोरियात १९९३ मध्ये किम योंग-साम राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी लष्करातील 'हानाह्वे' या गुप्त गटाचे अधिकारी झपाट्याने पदांवरून हटवले, आणि १९९६ मध्ये चुन दू-ह्वान व रो ते-वू हे दोन्ही माजी राष्ट्राध्यक्ष न्यायालयात उभे राहिले. आधी पदे काढली, मग खटला भरला. अर्जेंटिनात हा क्रम उलटा झाला होता.

१९८७ च्या त्याच घटनादुरुस्तीतून तेथे घटना न्यायालय आले. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला तेव्हा सभापतींसह काही सदस्य कुंपण चढून संसदेत शिरले, उपस्थित १९० जणांनी एकमताने तो रद्द करण्याची मागणी केली, आणि ४ एप्रिल २०२५ रोजी घटना न्यायालयाने यून यांना एकमताने पदच्युत केले. ट्युनिशियात नेमकी ही दुसरी पायरी नव्हती.

तटस्थ :

श्रावणसर, निवडणूक जिंकण्याची आशा हा मुद्दा मान्य, पण चिलीतही तीच आशा पिनोशे यांना होती, म्हणूनच त्यांनी सार्वमत घेतले. निकालाच्या रात्री सरकार आकडे दाबून बसले होते. राष्ट्राध्यक्षीय प्रासादात शिरता शिरता हवाईदलप्रमुख मातेई यांनीच पत्रकारांना सांगून टाकले की आपल्या मते 'नाही' जिंकले आहे. आशेच्या बरोबरीने जुन्या गटातच फूट पडावी लागते.

मृण्मयी :

तटस्थ यांच्याशी सहमत आहे. मूळ प्रश्नातील बेपत्ता माणसांच्या कुटुंबांविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून एवढे जोडते.

चिलीत १९७८ च्या फर्मानाने १९७३ ते १९७८ या काळातील गुन्ह्यांना माफी दिलेली होती आणि ते रद्द करण्याइतके बहुमत लोकशाही सरकारांकडे नव्हते, कारण नेमलेले सिनेटर आणि जुनी निवडणूक पद्धत आड येत होती. नेमलेल्या जागा २००५ मध्ये आणि ती पद्धत २०१५ मध्ये गेली. पण वकिलांनी आणि काही न्यायाधीशांनी त्याआधीच वेगळा युक्तिवाद स्वीकारला : ज्याचा मृतदेह सापडलेला नाही तो कायद्याच्या दृष्टीने अजून पळवून नेलेलाच आहे, गुन्हा अजून चालू आहे, म्हणून तो १९७८ पर्यंतच्या माफीत बसत नाही. पिनोशे यांना ऑक्टोबर १९९८ मध्ये लंडनमध्ये अटक झाल्यानंतर या खटल्यांना जोर आला, आणि अनेक माजी अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या. प्रेते लपवणाऱ्यांनीच स्वतःची माफी अशी कुचकामी करून ठेवली होती.

अर्जेंटिनातही खडूफळा यांनी सांगितलेल्या माफीच्या कायद्यांतून एक गुन्हा वगळलेला होता, तो म्हणजे कैदेत जन्मलेली किंवा आईबापांसह पळवलेली मुले परस्पर दुसऱ्यांना देऊन टाकण्याचा. नातवंडांचा शोध घेणाऱ्या 'प्लासा दे मायो'च्या आज्यांनी तीच फट धरून ठेवली, आणि मेनेम यांच्या माफीने सुटलेल्या विदेलांना १९९८ मध्ये याच आरोपाखाली पुन्हा अटक झाली. तेव्हा सवलतीच्या मसुद्यावर सही करण्याची वेळ आलीच, तर तिच्यात कोणते गुन्हे येत नाहीत ते कलम आधी वाचावे. स्पेनच्या १९७७ च्या कायद्यात तसे कलम नव्हते, आणि तेथील कुटुंबांना पुढे दाद मागण्यासाठी अर्जेंटिनात, ब्वेनोस आयरेसच्या न्यायालयात जावे लागले.